शेजाऱ्याचं माप

कोल्हापुरात कुणाला "कसं काय?" म्हणून विचारलं आणि त्यानं खरं सांगितलं, असं सहसा होत नाही. घरात दुखणं असो, दुकानाला कुलूप लागायची वेळ आलेली असो, उत्तर ठरलेलं: "निवांत!" त्यातून विचारणारा पाहुणा असला तर बघायलाच नको. पाहुण्याला मटण वाढायचं, पाठीवर थाप मारायची, पण त्याच्यापुढं रडगाणं म्हणून गायचं नाही. या एका खोडीपायी उद्यमनगरातल्या एका गल्लीवर गाशा गुंडाळायची पाळी आली, आणि ती कुणा वैऱ्यानं नव्हे, गल्लीतल्याच शहाण्यासुरत्या माणसांनी आणली.

त्या शहाण्यांत पहिले आण्णा.

आण्णांचं लेथचं, म्हणजे लोखंड गोल कातून द्यायचं दुकान. सत्तरी ओलांडली तरी सकाळी लेथला हात लावून नमस्कार केल्याशिवाय आणि पाठोपाठ दिव्याला एक शिवी हासडल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. हल्लीचे दिवे उजेडच देत नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं. दिवे बदलून बदलून आता त्या लेथवर लग्नाच्या मांडवाला शोभेल एवढा झगझगाट झाला होता, तरी आण्णांचं समाधान नव्हतं. वर्तमानपत्रवाल्यांवरही त्यांचा राग होता. मेले अक्षरं दिवसेंदिवस बारीक करत चालले होते.

दुकानाच्या मागच्या भिंतीत एक भोक होतं, जेवणाच्या ताटाएवढं. त्याला सागवानी चौकट होती, आणि पलीकडं लालासाब होता. लालासाब ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचा. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी ती हुबेहूब लाकडात करावी लागते, आणि त्या कामात लालासाबचा हात धरणारा साऱ्या पेठेत कुणी नव्हता. पण त्याच्या दुकानाचं दार पलीकडच्या बोळात. त्यामुळं एखादा जॉब, म्हणजे घडवायची वस्तू, त्याला दाखवायची म्हटलं की आण्णांना अख्ख्या गल्लीला वळसा घालावा लागे. तरुणपणी एके दिवशी, हातात जड जॉब आणि डोक्यावर ऊन अशा अवस्थेत, आण्णांचं टाळकं सरकलं. त्यांनी घण घेतला आणि भिंतीच्या दोन विटा उडवल्या. पलीकडून लालासाब बोंबलत उठला. भोकातून आण्णांचं तोंड बघितल्यावर त्यानं काही विचारलं नाही. आपला हातोडा घेऊन त्यानं त्याच्या बाजूनं आणखी दोन विटा पाडल्या. घरमालक दोघांच्या नावानं शंख करत राहिला आणि लालासाबनं संध्याकाळपर्यंत चौकटसुद्धा बसवली.

काय दिवस होते ते! ऑईल इंजिनांचा जमाना होता. गल्लीत दिवसभर असा खणखणाट चाले की बोलायचं म्हणजे ओरडायचंच. आजही तिथली म्हातारी माणसं घरात मीठ मागतात तेव्हा नव्या सुनांना वाटतं भांडण पेटलं. गुऱ्हाळाच्या हंगामात घाण्याचं चाक मोडलेला शेतकरी तो मोडका तुकडा पोत्यात घालून यायचा आणि हताश होऊन विठाबाईच्या चहाच्या गाड्यापाशी बसायचा. गल्ली कामाला लागायची. लालासाब नमुना करायचा, टोकाच्या भट्टीत ओतकाम व्हायचं, आण्णा लेथवर गोलाई आणायचे, शेजारचा विजयसिंह चाकाला दात पाडायचा. मालक कोण आणि कामगार कोण, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. नवं चाक पोत्यात घालून शेतकरी निघाला की सगळे हात पुसत दारात उभे राहायचे, लेक सासरी निघाल्यासारखे.

या गल्लीचा एक दंडक होता. आपल्या जॉबचं शेवटचं माप आपण घ्यायचं नाही, ते शेजाऱ्यानं घ्यायचं. आण्णांचे वडील म्हणायचे, "आपल्या पोराचं नाक कुनाला नकटं दिसतंय काय?" माणसाचा डोळा स्वतःच्या कामाला माफ करतो, शेजाऱ्याचा करत नाही. म्हणून आण्णांचा प्रत्येक जॉब त्या भोकातून लालासाबकडं जाई, तो मापं घेई, आणि "बसलं!" अशी आरोळी आल्यावरच जॉब गिऱ्हाइकाच्या हाती पडे.

अलीकडं मात्र लालासाब म्हातारा झाला होता. आण्णांना मनातून त्याची कीव यायची. जॉब पलीकडं गेला की हल्ली "बसलं" लवकर येतच नसे.

"आन्ना, मला जरा अंधुक दिसाय लागलंय रं," लालासाब भोकातून म्हणायचा. "एक हलका कट मार बगू."

आण्णा कुरकुरत जॉब पुन्हा लेथवर चढवायचे, एक हलका हात फिरवायचे. कधी दोनदा, कधी तीनदा. मग पलीकडून आवाज यायचा, "हां, आता दिसतंय. बसलं!" डोळे गेले बिचाऱ्याचे, आण्णा स्वतःशी म्हणायचे, आणि दोस्ताला सांभाळून घ्यायचे. त्याची लेक सबिना आता मशीनवर नमुने कापत होती म्हणून त्याचं दुकान तरी चालू होतं.

अशा या गल्लीत एके दिवशी राजनंदिनी आली. शहराचा आर्थिक विकास आराखडा व्हायचा होता आणि त्यासाठी छोट्या-मोठ्या उद्योजकांचं म्हणणं गोळा करायला ही मुलगी दारोदार फिरत होती. हातात टॅब, खांद्याला पाण्याची बाटली, बोलणं गोड. गाव विचारलं तर मुरगूड.

"मुरगूड?" आण्णांनी स्टूल पुसून पुढं सरकवलं. "आमच्या थोरल्या आत्याचं गाव! बस पोरी. ए विठाबाई, पेशल च्या दे गं, आत्याच्या गावचं मानूस आलंय!"

"आण्णा, व्यवसायात अडचणी काय काय येतात तुम्हाला?" तिनं विचारलं.

"अडचन?" घरात झुरळं आहेत का असं विचारल्यागत आण्णांनी चेहरा केला. "आमाला कसली अडचन? निवांत हाय सगळं."

"कामाला माणसं मिळतात?"

"मिळत्यात की." दुकानात लेथला हात लावणारं दुसरं माणूस कित्येक महिन्यांत आलेलं नव्हतं.

"आणि वीज?"

"झकास!" आण्णा म्हणाले, आणि नेमकी लाईट गेली. लेथ घरघरत थांबला. आण्णांची पापणी लवली नाही. "मशीन जरा थंड व्हायाच पायजे हुती," ते म्हणाले.

शेवटी तिनं विचारलं, "शहराबाहेर नवं औद्योगिक संकुल झालं, सगळ्यांना गाळे मिळाले, तर तिकडं जाल का?"

"तू म्हनशील तिथं जातो की पोरी! चालतंय की!"

आता या "चालतंय की"चा अर्थ कोल्हापुरात जन्मलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणायचं नाही, एवढाच तो अर्थ. जेवणावर जेवण झालेलं असताना कुणी ताट वाढलं तरी माणूस "चालतंय की" म्हणतो. राजनंदिनीलाही ते ठाऊक असणार, पण तिच्या टॅबवर 'होय' आणि 'नाही' अशी दोनच घरं होती. तिनं बिचारीनं टॅब पुढं करून विचारलंसुद्धा, "बघा आण्णा, बरोबर आहे का?" आण्णांनी ती पाटी लांब धरली, जवळ धरली, पुन्हा लांब धरली. "झ्याक लिवलंयस," ते म्हणाले.

एवढ्यात भोकातून लालासाबची आरोळी आली, "बेटी, हिकडं बी ये! आमी बी जातो म्हनून लिव!"

काही महिन्यांनी आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. विठाबाईच्या गाड्यापाशी सबिनानं तो मोबाईलवर मोठ्यानं वाचून दाखवला. गल्लीला कोणत्याही अडचणी नाहीत. स्थलांतराला गल्लीची संमती आहे. इथं पार्किंग होणार, आणि गाळे शहराबाहेर मिळणार, सोडत काढून.

"कोन म्हनालं रं, जातो म्हनून?" विजयसिंह कडाडला. "कुनाच्या अंगात आलतं?"

"मी तर न्हाय," भट्टीवाला म्हणाला.

"मग ती पोरगी खोटं लिवती व्हय?" विजयसिंहनं विचारलं.

विठाबाईनं पातेल्यात चमचा आपटला. "मी म्हनाले हुते," ती म्हणाली. "चालतंय की, म्हनाले. लेकराला न्हाय कसं म्हनायचं?"

मग एकेकाच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. सगळेच म्हणाले होते. कुणी चहा पाजून, कुणी भडंग खायला घालून, एकानं तर पोरीच्या हातात पिशवीभर गूळ देऊन सांगितलं होतं. क्षणभर सगळी गल्ली पोट धरून हसली. हसू ओसरल्यावर सगळे पुन्हा मोबाईलवर वाकले.

"सोडत म्हंजे कसं गं?" आण्णांनी सबिनाला विचारलं.

"चिठ्ठी निघंल तो गाळा, काका. तुमचा एका टोकाला निघंल, आमचा दुसऱ्या. आनि अब्बा तर म्हनत्यात, मी येनारच न्हाय. घरी बसनार."

आण्णांनी वळून आपल्या दुकानाकडं बघितलं. लेथ कुठंही बसवता आला असता. चांगली फरशी, मोठं दार, पाणी, सगळं मिळालं असतं. पण मागं हात केल्यावर पलीकडून लालासाबचा हात आला नाही तर जॉब द्यायचा कुणाकडं? एवढ्या वर्षांत त्या भोकातून किती चहाचे पेले आले-गेले, ईदचा शिरखुर्मा आला, दिवाळीच्या करंज्या गेल्या. आण्णांची बायको गेली तेव्हा ते घरी रडले नव्हते. दुकानात येऊन लेथ सुरू केला होता, आणि भोकातून लालासाबचा हात येऊन त्यांच्या मनगटावर कितीतरी वेळ तसाच राहिला होता. ती भिंत पडली तर आपण संपलो, असं आण्णांना सरळसरळ वाटलं, आणि ते ज्या तोंडानं "चालतंय की" म्हणाले होते त्या तोंडाचा त्यांना भयंकर राग आला.

मसुद्यावर हरकती ऐकायला सभा ठेवली होती. गल्लीच्या वतीनं आण्णांनी बोलायचं ठरलं. आदल्या दिवशी भोकापाशी तालीम झाली.

"म्हन, धंदा बसलाय," लालासाब म्हणाला.

"धंदा बसलाय," आण्णा म्हणाले. "पन तसा बरा हाय."

"अरं, 'बरा हाय' कशाला? रडायचंय आपल्याला!"

"मानसं मिळत न्हाईत," आण्णांनी नेटानं सुरुवात केली. "पन आमाला एकट्याला भारी न्हाय काय."

लालासाबनं कपाळावर हात मारला. "तुला रडाय यायचं न्हाय, आन्ना. आपल्या खानदानातच न्हाय ते."

सभेला हॉल भरला होता. मंचामागं भिंतीवर शहराचा भला मोठा नकाशा लावला होता. अमरसिंह नावाचे साहेब मध्ये बसले होते आणि बाजूला टॅब घेऊन राजनंदिनी. ती गल्लीकडं बघून हसली आणि सगळे वाघ जागच्या जागी मांजर झाले. पाहुणीला खोटं पाडायचं कसं?

विजयसिंह पहिला उठला. "साहेब, आमचा धंदा एकदम जोरात हाय. आमच्या गल्लीचा नाद करायचा न्हाय," एवढं बोलून तो टाळ्या घेऊन खाली बसला. भट्टीवाला उठला. त्यानंही भट्टीची थोरवी गायली.

साहेब गोंधळले. "सगळं उत्तम असेल तर चांगलंच आहे. नव्या जागेत आणखी उत्तम होईल. मग तुमची हरकत नेमकी काय?"

आण्णा उठले. तोंड उघडलं आणि सवयीनं "निवांत" हा शब्द ओठावर आला. तो त्यांनी कसाबसा गिळला. शेजारी लालासाब हातवारे करून "रड, रड" म्हणून खुणावत होता. त्याच्याकडं बघता बघता आण्णांना एकदम वडील आठवले, आणि वाट सापडली.

"साहेब," ते म्हणाले, "आमच्यात एक पद्धत हाय. आपल्या जॉबचं माप आपन घ्यायचं न्हाय. शेजाऱ्यानं घ्यायचं. तुमी आमाला ज्याचं त्याचं इचारलं, हितंच चुकलं. मला माझी अडचन इचारू नका. मी सांगनार न्हाय, मेलो तरी. मला ह्या लालासाबची इचारा."

"ए, माझं काय?" लालासाब दचकला.

"ह्येचं डोळं गेल्यात," आण्णा बोलत राहिले, आणि आता त्यांचा आवाज आपोआप जड झाला. "सबंध पेठेत ह्येच्यासारखा कारागीर न्हवता. आता जॉबवरचं माप दिसत न्हाय त्येला. दोन-दोन, तीन-तीनदा मला परत हात फिरवाय लावतोय. मी कदी बोललो न्हाय. सांभाळून घेतो. तिकडं त्येला गाळा द्याल, पन सांभाळून घ्याय कोन देनार? आमच्या मदी एक भिंत हाय, भिंतीला भोक हाय. ते भोक देनार काय तुमी?"

मग मागून विठाबाई उठली. "विजयसिंहचं मी सांगते," ती म्हणाली. "सांधं धरल्यात त्येचं. भट्टीवालं जड उचलून देतंय म्हनून काम चाललंय." विजयसिंह तावातावानं उठला आणि त्यानं भट्टीवाल्याचं सांगून टाकलं, की त्याची पोरं इचलकरंजीला निघून गेली आणि हा एकटा भट्टी धरून बसलाय. भट्टीवाल्यानं विठाबाईचं सांगितलं. ज्याला स्वतःचं एक अक्षर बोलता येत नव्हतं, त्याला शेजाऱ्याचं सगळं तोंडपाठ होतं. राजनंदिनीची बोटं टॅबवर पळत होती आणि डोळे भरले होते.

"आणि यांचं?" साहेबांनी आण्णांकडं बोट दाखवून लालासाबला विचारलं. "यांची अडचण काय?"

लालासाब उभा राहिला. त्यानं एकदा आण्णांकडं पाहिलं.

"आन्नाला काय अडचन न्हाय," तो म्हणाला. "हात बगा त्येचा, अजून पोलाद हाय." आणि मग एकाएकी चिडून त्यानं मंचाकडं हात केला. "ते ऱ्हाऊ द्या साहेब. त्या नकाशात आमच्या गल्लीच्या नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरात 'स्थलांतरास संमती' लिवलंय, आनि म्होरं 'एकमताने'. ते आदी खोडा!"

साहेब वळले. उठून नकाशाजवळ गेले, चष्मा चढवला, वाकले. "आहे खरं," ते म्हणाले.

आण्णांनी नकाशाकडं बघितलं. त्यांना गुलाबी आणि पिवळे डाग दिसत होते. बस्स. अक्षरं सोडाच, रस्तेसुद्धा दिसत नव्हते. त्यांनी डोळे चोळून पुन्हा बघितलं. गुलाबी आणि पिवळं. आणि लालासाब त्यांच्या शेजारी, मंचापासून तिसऱ्या रांगेत उभा होता, बिनचष्म्याचा.

लालासाबच्याही ध्यानात आलं. त्यानं जीभ चावली, घाईघाईनं खिशातून रुमाल काढला आणि डोळ्यांना पाणी येतंय अशा आविर्भावात तो डोळे पुसू लागला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आण्णा हळूच खुर्चीत बसले. दिवे चांगले होते. वर्तमानपत्रवाल्यांनीही काही केलं नव्हतं. एक हलका कट मार बघू. मला अंधुक दिसतंय. किती दिवस हा माणूस आपलं आंधळेपण स्वतःच्या नावावर घेत आला होता, आणि आपण भर सभेत, मोठेपणानं, त्याला आंधळा म्हणून मोकळे झालो होतो! आण्णांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहायला लागलं. पुढं बसलेल्यांना वाटलं, गल्लीसाठी रडतायत.

साहेबांनी नकाशावरचे ते शब्द सगळ्यांसमोर खोडले. या गल्लीची पाहणी पुन्हा होईल, ते म्हणाले, आणि दुकानं एकेक करून नव्हे, सगळी मिळून एक उद्योग म्हणून. तोवर कुणी कुणाला हलवणार नाही. राजनंदिनी खाली येऊन आण्णांच्या पाया पडली. "आण्णा, या वेळी शेजाऱ्यालाच विचारेन," ती म्हणाली. आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी त्यांनी दुकान उघडलं. एका गुऱ्हाळवाल्याच्या घाण्याचा दांडा लेथवर तसाच होता. तो त्यांनी पुरा केला, फडक्यानं पुसला आणि भोकातून पलीकडं सरकवला. लालासाबच्या हातांनी तो घेतला. मापं घेतल्याचा टकटक आवाज आला, पण "बसलं!" काही आलं नाही.

आण्णा चौकटीपाशी वाकले. साऱ्या जन्मात कुणापुढं न काढलेला शब्द त्यांनी काढला.

"लाला," ते म्हणाले, "मला दिसंना झालंय रं."



"आँ?" लालासाब म्हणाला. "मला बी कुटं दिसतंय? एक हलका कट मार बगू."

दांडा भोकातून परत आला. त्याच्याबरोबर लालासाबचा हातही आला आणि आण्णांच्या मनगटावर थोडा वेळ राहिला. मग आण्णांनी डोळे पुसले, लेथ सुरू केला आणि एक हलका कट मारला.